एका पायरीचा उतार

यूराबिन गावाच्या हॉलला पायरी एकच आहे. वीतभर उंच, काळ्या दगडाची, मधोमध झिजून ताटलीसारखी खोलगट झालेली. सव्वाशे वर्षांत तिला अडखळून पडलेल्यांची यादी केली, तर गावाचा इतिहासच लिहून होईल: दोन पाद्री, एक नवरी, बँडमधला ढोलवाला ढोलासकट, आणि गहू-मंडळाचे एक अध्यक्ष, जे पडतानासुद्धा भाषण करत होते. पण पायरीला कुणी कधी दोष दिला नाही. पडणाऱ्याने उठायचं, गुडघा झटकायचा आणि आत जाऊन चहा घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत होती.

मार्चमध्ये नोलीन पास्कोच्या नावाने निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं. नोलीन हॉलच्या समितीची चिटणीस. गेली एकतीस वर्षं ती बिनविरोध निवडून येते, कारण निवडणुकीच्या सभेला बाकीचे येतच नाहीत. पत्र मोठं गोड भाषेत होतं. गोड भाषेतलं सरकारी पत्र हातात पडलं की आधी खुर्ची शोधावी, हे नोलीनला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. ती बसली आणि मग वाचलं.

पत्राचा मथितार्थ असा: हॉलच्या दाराशी पायरी असल्यामुळे चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या मतदारांची गैरसोय होते. मे महिन्यातल्या निवडणुकीआधी तिथे उतार झाला नाही, तर यूराबिनचं मतदान केंद्र मिंडूरला हलवण्यात येईल. शिवाय गेल्या खेपेला इथे जेमतेम एकशे चार मतं पडली होती. या वेळी आकडा शंभराच्या खाली गेला, तर केंद्र कायमचं बंद.

मिंडूर आमच्यापासून चौतीस किलोमीटरवर. तिथे रस्त्यावर सिग्नल आहे. एकच आहे, पण मिंडूरची माणसं त्याच्याविषयी असं बोलतात, जणू त्यांनीच विजेचा शोध लावला. मिंडूरने आमची शाळा नेली, मग बँक नेली, मग फुटबॉल क्लब ‘एकत्र’ केला, म्हणजे खेळाडू आमचे आणि जर्सीचा रंग त्यांचा. आता मतपेटी.

“एका पायरीपायी?” नोलीन रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली.

तिने पहिलं मत याच हॉलमध्ये दिलं होतं, एकोणसत्तर साली. तेव्हा एकवीस पूर्ण झाल्याशिवाय मत नसे. ती पांढरे हातमोजे घालून गेली होती आणि हातमोज्यांमुळे पेन्सिल दोनदा खाली पडली होती. तेव्हापासून एकही निवडणूक चुकली नाही. अर्थात आमच्याकडे ती चुकवताही येत नाही. मत दिलं नाही तर कारण विचारणारं पत्र येतं आणि मागून दंड. पण नोलीन दंडाच्या भीतीने जात नसे. मतदानाच्या दिवशी हॉलबाहेर जाळीवर सॉसेज भाजले जातात, कांद्याचा वास पार धान्याच्या कोठारांपर्यंत जातो, केकचं टेबल लागतं, आणि एरवी कुंपणावरून एकमेकांकडे न बघणारी माणसं एकाच रांगेत उभी राहतात. गावात आता चर्च महिन्यातून एकदा उघडतं. अख्खं गाव एका जागी दिसण्याचे दिवस दोनच उरले: कुणी मेलं तर, आणि निवडणूक आली तर. त्यातला दुसरा तरी हातचा जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

ती पत्र घेऊन क्लॅरीकडे गेली. क्लॅरी तिचा दीर, वय एक्याऐंशी, आयुष्यभर लोकांच्या शेतांना कुंपणं घातलेला माणूस. नवरा गेल्यापासून नोलीन प्रत्येक कामात आधी क्लॅरीचा सल्ला घेते, म्हणजे काय करायचं नाही ते लगेच कळतं.

क्लॅरीने चष्मा न लावताच पत्र वाचलं. “दोन फळ्या टाक.”

“फळ्या चालणार नाहीत रे. कायम स्वरूपाचा उतार हवाय.”

“मग कायमच्या फळ्या टाक. होईल सगळं ठीक.”

“होईल सगळं ठीक” हे क्लॅरीचं तत्त्वज्ञान आहे. पासष्ट साली त्याने हेच म्हणून नदीत ट्रॅक्टर घातला होता. तो अजून तिथे आहे. ट्रॅक्टर, क्लॅरी नव्हे.

बातमी संध्याकाळपर्यंत पेट्रोल पंपावर पोचली. पंप आणि त्याला जोडलेलं दुकान हरगोबिंदचं. नऊ वर्षांपूर्वी तो मेलबर्नहून आला, तेव्हा तो सहा महिन्यांत पळेल, असा गावाचा अंदाज होता. आता अग्निशमन दलाचा कप्तान तोच, क्रिकेटच्या संघातला एकमेव गोलंदाज तोच, आणि कुणाच्या पायाला काय झालंय हे डॉक्टरच्या आधी त्यालाच कळतं.

“आंटी, उतार बांधायला कौन्सिलची परवानगी लागेल,” तो म्हणाला. “मी दुकानाबाहेर बाकडं ठेवलं तर सात अर्ज भरावे लागले होते.”

“मग मिळालं का?”

“बाकडं मिळालं. बसायची परवानगी अजून यायचीय.”

नोलीन हसली. पुढच्या मंगळवारी ती कौन्सिलच्या कचेरीत गेली, आणि मग मात्र पुष्कळ दिवस हसली नाही.

कचेरी अर्थातच मिंडूरला. तिथे टीगन नावाची एक मुलगी होती, नाकात बारीकशी रिंग, डोळ्यांत अपार सहानुभूती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि संगणकाच्या पडद्यावर बघत म्हणाली, “उताराचं प्रमाण एकास चौदा लागतं, मिसेस पास्को. म्हणजे तुमची पायरी वीतभर असेल, तर उतार होतो जवळजवळ तीन मीटर.”

“तीन मीटर? वीतभर चढायला?”

“शिवाय वरती दारापाशी सपाट जागा. शिवाय दोन्ही बाजूंना कठडा. शिवाय दृष्टिहीनांसाठी खाली ठिपक्यांच्या फरश्या.”

नोलीनने मनातल्या मनात हॉलसमोरची जागा मोजली. “मग तो पदपथावर येतो.”

“पदपथ आमचा,” टीगन म्हणाली. “त्याचा अर्ज वेगळा. पण त्यापुढे रस्ता लागला तर तो राज्य सरकारचा. आणि पायरी—” तिने आणखी काही तरी उघडलं आणि तिचा चेहरा पडला. “अगं बाई! तुमची पायरी वारसा यादीत आहे.”

“पायरी?”

“पायरी आणि दार. पायरी फोडायची नाही, झाकायची नाही, तिला भोक पाडायचं नाही.”

“तिला अडखळून पडलेलं चालतं?”

“त्याबद्दल काही लिहिलेलं नाही,” टीगनने प्रामाणिकपणे सांगितलं.

शेवटी टीगननेच वाट काढली. पायरीवर जाड कापड अंथरायचं, त्यावर काँक्रीट. म्हणजे कागदोपत्री पायरी झाकलेली नाही, ‘संरक्षित’ केलेली आहे. या एका शब्दाला पाच आठवडे लागले. तेवढ्या काळात नोलीन नऊ वेळा मिंडूरला गेली, मिंडूरच्या त्या सिग्नलला नऊच्या नऊ वेळा थांबली, आणि दर वेळी तिला वाटलं की तो आपल्याला पाहूनच लाल होतो.

परवानगी आली तेव्हा मतदानाला सतरा दिवस उरले होते. गहू पेरणीचे दिवस, ट्रॅक्टर पहाटेपासून शेतात. तरी रविवारी श्रमदानाला तेवीस माणसं आली, प्रत्येक जण आपापलं फावडं आणि आपापलं मत घेऊन. फावडी कमी चालली. वीजवाहिन्यांचे मनोरे गव्हाच्या शेतांतून जावेत की नाही, यावर गावात दोन तट पडलेले, तेच दोन तट आता वाळूच्या ढिगाच्या दोन बाजूंना उभे राहिले. एका तटाने कालवलेलं काँक्रीट दुसऱ्या तटाला पातळ वाटे. दुसऱ्याचं पहिल्याला कोरडं. नोलीन मधोमध स्कोनची, म्हणजे छोट्या गोडसर पावांची, परात घेऊन उभी राहिली, कारण तोंडात स्कोन असताना माणसाला मनोऱ्यांविषयी बोलता येत नाही, निदान स्पष्ट बोलता येत नाही.

काँक्रीट घालायचं मुख्य काम क्लॅरीकडे होतं. ते त्याला कुणी दिलं नव्हतं. तो नुसता पातळी मोजायची दोरी लावून उभा राहिला, आणि एक्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातातून दोरी कोण काढून घेणार?

“क्लॅरी, उंबऱ्यापेक्षा उंच वाटतंय रे ते,” नोलीन म्हणाली.

“काँक्रीट सुकलं की दोन बोटं खाली बसतं.”

“खरंच बसतं?”

“नोल, मी चाळीस वर्षं खांब पुरलेत.”

“खांब वर असतात. हे आडवं आहे.”

“होईल सगळं ठीक,” क्लॅरी म्हणाला.

काँक्रीट सुकलं. दगडासारखं घट्ट झालं, रेघ पडली नाही, तडा गेला नाही. पण एक बोटसुद्धा खाली बसलं नाही.

हे कळलं ते मात्र वाईट वेळी. आमच्या मतदारसंघात सहा उमेदवार उभे होते. त्यांतल्या निळ्या पक्षाच्या साहेबांना यूराबिनमध्ये नवा उतार झाल्याची कुणकुण लागली. एरवी त्यांना यूराबिन कुठे आहे हे नकाशावर दाखवावं लागलं असतं, पण त्या गुरुवारी ते नवीकोरी हॅट घालून हजर झाले. हॅटवरची किमतीची चिठ्ठी काढली होती, दोरा राहिला होता. सोबत वर्तमानपत्राचा फोटोवाला. साहेबांनी खिशातून स्वतःची फीत काढली, कठड्याला बांधली, कापली आणि म्हणाले, “ग्रामीण भागासाठी आमच्या पक्षाने केलेल्या कामाचं हे मूर्तिमंत उदाहरण आहे.”

“तुमच्या पक्षाने काय केलं?” क्लॅरीने विचारलं.

“आम्ही पाठिंबा दिला.”

“कुठून? मागून? कारण पुढून तर कोणी दिसलं नाही.”

साहेब हसले. उमेदवाराला निवडणुकीच्या महिन्यात हसण्याची सक्तीच असते. मग ते दिमाखात उतार चढून गेले आणि त्यांनी हॉलचं दार ओढलं.

दार आलं नाही.

पुन्हा ओढलं. दार बाहेर उघडणारं. त्याची खालची कड काँक्रीटच्या दोन बोटं खाली अडकलेली. बंद दारासमोर ओतलेल्या काँक्रीटने दार कायमचं बंद करून टाकलं होतं. तो उतार चाकांच्या खुर्चीला सहज चढता येईल असा होता, फक्त चढून गेल्यावर परत यायचं होतं.

बाहेर तीसेक माणसं, आणि चहाचं भांडं, कप, साखर सगळं आत. गावाची अब्रू चव्हाट्यावर. नोलीनला काही सुचेना. मग सुचलं ते असं, की स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी नीट लागत नाही. ती मागच्या बाजूला गेली, दुधाचा रिकामा क्रेट उलटा ठेवला आणि खिडकीतून आत शिरली. म्हणजे कमरेपर्यंत शिरली. पुढचा प्रवास थोडा लांबला.

शनिवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला. निळ्या साहेबांचा नव्हे. यूराबिनच्या हॉलची खिडकी आणि तिच्यातून बाहेर आलेले दोन पाय, तपकिरी मोज्यांतले. खाली ओळ होती: ‘लोकशाहीत प्रवेश करण्यासाठी धडपड.’ नाव छापलं नव्हतं, पण त्याची गरज नव्हती. ते मोजे गावात सगळे ओळखतात.

“पाय बाकी छान आलेत, आंटी,” हरगोबिंद म्हणाला. त्या आठवड्यात नोलीनने दूधसुद्धा मिंडूरहून आणलं.

दुसऱ्या दिवशी लाल पक्षाच्या बाई आल्या. त्यांनीही फीत आणली होती. त्यांनी उताराचं दुसरं उद्घाटन केलं, दुर्बलांविषयी मनापासून बोलल्या, आणि दाराला हात लावायचा नाही हे त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसलं, कारण त्या अर्ध्या उतारावरूनच मागे फिरल्या.

दाराचं काय करायचं? तळाची कड कापावी तर दार वारसा यादीत. काँक्रीट फोडावं तर खालची पायरी यादीत. नोलीनने टीगनला फोन केला. पलीकडे कचेरीचं दार लावल्याचा आवाज आला. मग टीगन अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “हे माझ्याकडून ऐकलं असं म्हणू नका. दार बदलायला परवानगी लागते. दुरुस्तीसाठी उतरवून ठेवायला लागत नाही.”

“आणि दुरुस्ती किती दिवस चालावी, असा काही नियम?”

“तसा नियम केला तर आमचीच कचेरी बंद पडेल, मिसेस पास्को.”

मग काय! बिजागऱ्यांचे खिळे काढून सहा माणसांनी दार वरच्या वर उचललं आणि स्टेजमागे भिंतीला टेकवून ठेवलं. सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच हॉल सताड उघडा पडला. त्या संध्याकाळी उतारावरून आत जाणारा पहिला नागरिक म्हणजे कुणाची तरी मेंढी. तिला चढायला अजिबात त्रास झाला नाही, हे नोलीनने समाधानाने टिपून ठेवलं.

आता प्रश्न उरला तो शंभराचा.

पूर्वी मतदान म्हणजे एक दिवस. हल्ली दोन आठवडे आधीपासून मिंडूरला जाऊन मत देता येतं. माणसं किराणा आणायला जातात आणि बटाट्यांबरोबर लोकशाहीही उरकून येतात. नोलीनला हे कधीच पटलं नाही. आधीच मत देणं म्हणजे लग्नाच्या आदल्या आठवड्यात जेवून येण्यासारखं, असं ती म्हणे. तिने घरोघर फोन केले, “मिंडूरला काहीही घ्या, पण मत देऊ नका.” शिवाय मतदानाच्या शनिवारीच फुटबॉलचा सामना नेमका मिंडूरला. तेव्हा तिने फर्मान काढलं: सकाळी आठला आधी यूराबिनला मत, मग सामना. क्लॅरीला तर तिने सतरा वेळा बजावलं.

“तू नक्की इथेच देणार ना?”

“अगं, मी दुसरीकडे कुठे जातोय?” क्लॅरी म्हणाला आणि बुटाच्या नाडीकडे बघायला लागला.

शनिवार उजाडला ढगाळ. मतदान केंद्राचे अधिकारी वॉरिक ट्रेंबाथ, मिंडूरचे निवृत्त मास्तर, खिशात मोजपट्टी घेऊन आले. दार नाही हे पाहून ते क्षणभर थबकले, पण दार असावं असं त्यांच्या पुस्तिकेत कुठे लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी मोजपट्टी काढली. नियम असा, की केंद्राच्या प्रवेशापासून सहा मीटरच्या आत पक्षाचा प्रचार करायचा नाही.

“प्रवेश कुठून सुरू होतो?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. “पूर्वी दारापासून होत असे. पण उतार हा प्रवेशाचाच भाग. तेव्हा मोजायचं उताराच्या पायथ्यापासून.”

त्यांनी मोजलं. सहा मीटर रस्त्याच्या बरोब्बर मध्यभागी संपले.

निळे आणि लाल शर्ट घातलेले कार्यकर्ते आपापली पत्रकं घेऊन रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात धान्याचा पहिला ट्रक आला. कार्यकर्ते तत्त्वांसकट पळाले. पलीकडे मेंढ्यांच्या बाजाराचा चिखल, अलीकडे नियम. सहा मीटरच्या बाहेर, कोरडी, ट्रक न येणारी अशी जागा एकच होती: नोलीनच्या केकच्या टेबलावरचा मांडव. आणि नऊ वाजता पाऊस सुरू झाला.

मग दिवसभर निळे आणि लाल एकाच मांडवात. पहिला तास त्यांनी एकमेकांकडे पाठ करून काढला. दुसऱ्या तासाला नोलीनने दोघांच्या हातात लोण्याच्या सुऱ्या दिल्या. “उभेच आहात तर ब्रेडला लोणी लावा. आणि पत्रकं केकवर ठेवू नका, शाई लागते.” बारा वाजेपर्यंत निळा कांदे चिरत होता, आणि लाल त्याला रडू नकोस, अजून मोजणी व्हायचीय, म्हणून समजावत होता. हरगोबिंदने स्वतःच्या वेगळ्या तव्यावर कांदाभजी काढली. ती पाऊण तासात संपली, आणि मनोऱ्यांवरून भांडणारे दोन्ही तट भज्यांच्या रांगेत शांतपणे उभे राहिले, हे या निवडणुकीतलं सगळ्यात मोठं राजकीय परिवर्तन.

नोलीन मात्र एका पायावर. फुटबॉलवाले आठला येऊन गेले. पावसामुळे पेरणी थांबली म्हणून शेतकरी दुपारी आले. चाकांच्या खुर्चीवरून एकच मतदार आली, ब्याण्णव वर्षांच्या मिस ट्रेगर; उतार चढून गेल्या आणि म्हणाल्या, “इतकं काही केलं नसतंत तरी चाललं असतं, मी मागच्या वेळी दोन माणसांच्या खांद्यावरून गेले होते, ती मजा काही औरच.” नोलीन सतत कुणाला तरी रांगेत लाव, कुणाच्या हातात छत्री दे, कुणाला लॅमिंग्टन केक बांधून दे, यातच होती. तिने स्वतः दिवसभरात अर्धा स्कोन खाल्ला, तोही दुसऱ्याचा.

साडेपाचला वॉरिक मास्तर उतारावर आले. “नव्व्याण्णव,” ते म्हणाले.

सहा वाजता मतदान बंद.

“एकच हवंय!” नोलीनने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडाला सॉसचे डाग, म्हणजे सगळे आत जाऊन आलेले. आणि मग तिला कठड्याला टेकून उभा असलेला क्लॅरी दिसला, हातात तिसरं सॉसेज.

“क्लॅरी! तू दिलंस का?”

“दिलं की.”

“कधी? मी तर तुला आत जाताना पाहिलं नाही.”

क्लॅरीने सॉसेजचा मोठा घास घेतला. तो चावायला त्याने जितका वेळ लावला, त्यातच सगळा कबुलीजबाब होता.

“मंगळवारी,” तो म्हणाला. “पायाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. शेजारीच होतं. रांग नव्हती, गाडी लावायला जागा होती…”

“मिंडूरला?”

“नोल, तिथे बसायला खुर्ची देतात.”

नोलीनचा सात आठवड्यांचा राग एकदम वर आला. नऊ वेळा सिग्नलला थांबलेली ती, खिडकीत अडकलेली ती, मोज्यांसकट वर्तमानपत्रात छापून आलेली ती. “अरे कर्मदरिद्र्या!” ती ओरडली. “परके गेले तर मी समजू शकते. घरचाच माणूस! तुझा भाऊ असता ना, तर त्याने तुला त्या ट्रॅक्टरशेजारी नेऊन बुडवलं असतं! एक मत! एवढंसं एक मत तुला सांभाळता आलं नाही? लाज कशी वाटत नाही?”

“मिसेस पास्को,” वॉरिक मास्तर हळूच म्हणाले.

“थांबा हो मास्तर, मला बोलू द्या.”

“बोला. पण यादीत तुमच्याही नावापुढे खूण नाहीये.”

मांडवातल्या जाळीवर कुठेतरी चरबीचा थेंब पडून चर्र झालं. छप्पन्न वर्षांत न चुकलेली ती, सकाळी सहापासून हॉलच्या दारात उभी, आणि आत जायचंच राहिलं होतं.

क्लॅरीने घास गिळला. “रांग होती का?” त्याने विचारलं.

एप्रन सोडायलाही ती थांबली नाही. पिठाच्या हातांनी कठडा धरून उतार चढली. मागे निळे, लाल, मनोरेवाले, बिनमनोरेवाले सगळे पावसात येऊन उभे राहिले. मास्तरांनी नियमाप्रमाणे तिचं नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि या निवडणुकीत आधी कुठे मत दिलं आहे का, हेही विचारलं. हा शेवटचा प्रश्न तिला जिव्हारी लागला.

पुठ्ठ्याच्या आडोशात उभी राहिल्यावर मात्र तिची पेन्सिल अडली. दोन महिने तिने उताराचा विचार केला होता, कठड्याचा, दाराचा, लोण्याचा. मत कुणाला द्यायचं, हा विचार एकदाही केला नव्हता. समोर सहा नावं. आमच्याकडे एकाला शिक्का मारून भागत नाही. सगळ्यांना पसंतीचे क्रमांक द्यावे लागतात, एकापासून शेवटपर्यंत, एकही चौकट न सोडता. पहिले चार तिने कसेबसे लावले. उरले दोघे, फीत कापणारे. दोघेही शेवटच्या जागेला सारखेच लायक. कुणाला वर ठेवावं?

“नोल, सहाला पाच कमी!” बाहेरून क्लॅरी ओरडला.

नोलीन वीस वर्षं जिल्ह्याच्या प्रदर्शनात स्पंज केकची परीक्षक आहे. दोन केक अगदी सारखे असतील तर तिथे दोघांना एकच क्रमांक देतात. तिने न्यायबुद्धीने दोघांच्याही चौकटीत पाच लिहिलं. वरच्या सभागृहाची टेबलक्लॉथएवढी मतपत्रिका भराभर भरली, दोन्ही घड्या पेटीत टाकल्या आणि बाहेर आली.

सहा वाजले. मास्तर म्हणाले, “दार बंद करा.” दार नव्हतं. तेव्हा क्लॅरी न सांगता पुढे झाला, चौकटीत दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि मोजणी संपेपर्यंत दार झाला. त्याच्या खांद्यावरून पाऊस गळत होता. तो हलला नाही. नोलीनने थोड्या वेळाने जाऊन त्याच्या पाठीवर आपला रेनकोट टाकला.

तासाभराने मोजणीवर नजर ठेवायला बसलेला लाल कार्यकर्ता क्लॅरीच्या काखेखालून वाकून बाहेर आला. “शंभर! केंद्र राहिलं!”

जो जल्लोष झाला, तो कुठल्याही उमेदवाराच्या नशिबी आला नसेल. हरगोबिंदने नोलीनला उचललंच. मिस ट्रेगर यांनी त्या आनंदात उतार पुन्हा एकदा चढून उतरून पाहिला.

“म्हणजे मोजायला शंभर,” लाल कार्यकर्ता पुढे म्हणाला. “त्यातलं एक बाद गेलंय. कुणीतरी दोघांना पाच नंबर दिलेत आणि सहा कुणालाच नाही. पण पेटीत पडलं म्हणजे मोजलं जातं, मास्तर म्हणाले.”

सगळे हसले. “कोण हा दिवटा!” चौकटीतून क्लॅरी ओरडला. “पन्नास-साठ वर्षं मत देतात आणि सहापर्यंत मोजता येत नाही! तुला काय वाटतं नोल, कोण असेल?”

नोलीनने उरलेल्या ब्रेडची पिशवी गाठ मारून बंद केली.

“असेल कोणीतरी बिचारं,” ती म्हणाली. “हात पुढे कर, तुझं सॉसेज गार होतंय.”

“हात कसा पुढे करू? मी दार आहे.”

तेव्हा तिने आपल्या हाताने ते त्याला भरवलं, कांद्यासकट.